चुलीचा कण, धुराड्याचा कण

भद्रावती तालुक्यातल्या एका गावात, एका स्वयंपाकघराच्या भिंतीला आम्ही छोटा पंप टांगला होता. पंपाच्या नळीच्या तोंडाशी पांढरीशुभ्र चकती, लोणच्याच्या लहान बरणीच्या झाकणाएवढी. खाली मातीची चूल, वैलावर तुरीचं वरण, आणि चुलीत पऱ्हाट्या. कपाशी उपटून झाली की विदर्भात घरोघर पऱ्हाट्यांचे ढीग लागतात. फुकटचं जळण, पण भर्रकन पेटतं आणि भर्रकन संपतं, म्हणून चुलीसमोरून हलता येत नाही. घरातल्या मावशी भाकरी थापत होत्या. मधेच फुंकणी उचलायच्या, ठसका लागला की पदर तोंडाशी धरायच्या आणि पुन्हा पऱ्हाट्या आत सारायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चकती काढली तेव्हा ती मधोमध काळी आणि कडेला चहाच्या डागासारखी तपकिरी झाली होती. मावशींनी ती उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, "हे माह्या छातीतबी असन का जी?"

त्याच गावाबाहेरच्या टेकाडावरून रात्री चंद्रपूरच्या औष्णिक विद्युत केंद्राच्या धुराड्यांवरचे लाल दिवे दिसायचे. तिथे आज सात संच आहेत, एकूण क्षमता २९२० मेगावॅट. त्या धुराड्यांतून किती कण बाहेर पडतात हे मोजणारी यंत्रं बसवलेली असतात, आकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातात, मर्यादा ओलांडली तर नोटीस निघते. मावशींच्या चुलीला मर्यादा नाही, मोजमाप नाही, नोटीस तर नाहीच. कोळसा आणि इतर घन इंधनं जळताना हवेत जे कण सुटतात त्यांच्याविषयीचं हे पुस्तक मला महत्त्वाचं वाटतं ते एवढ्यासाठी, की त्यात हे दोन धूर पहिल्यांदाच मराठीत एका बांधणीत आले आहेत. धुराड्यातून किती निघालं, या एकाच प्रश्नावर आपण फार वर्षं अडकून पडलो. श्वासात किती गेलं, हा खरा प्रश्न आहे, आणि तो विचारला की चूल आणि धुराडं एकाच वहीत मांडावी लागतात.

नव्या वाचकासाठी आधी धुराचीच थोडी ओळख करून द्यायला हवी. सगळा धूर एका जातीचा नसतो. आपला कोळसा गोंडवन काळातला. वर्धा खोऱ्यात तो जमिनीखाली साचला तेव्हा त्यात माती आणि वाळू इतकी बारीक मिसळून गेली, की आज धुऊनही ती पुरती सुटत नाही. म्हणून भारतीय कोळशात राखेचं प्रमाण साधारण ३० ते ४५ टक्के असतं. वीज केंद्रात हा कोळसा पिठासारखा दळून भट्टीत फुंकतात. कार्बन जवळजवळ पूर्ण जळून जातो, पण आतली माती जळत नाही. ती वितळते आणि तिचे काचेसारखे गोल गोल मणी होतात. यातले मोठे मणी पकडायला सोपे. खरा त्रास बारकांचा. आर्सेनिक, सेलेनियम, शिसं यांसारख्या मूलद्रव्यांचा काही भाग त्या उष्णतेत वाफ होऊन जातो आणि वायू थंड होऊ लागला की बारीक कणांवर येऊन बसतो. त्यामुळे कण जितका लहान, तितका त्याच्या वजनाच्या मानाने विषाचा भार जास्त. शिवाय धुराड्यातून गंधकाचे आणि नायट्रोजनचे वायूही सुटतात. ते हवेत तासन्‌तास, कधी दिवसन्‌दिवस फिरत राहतात आणि शेकडो किलोमीटरवर त्यांचेही कण बनतात. धुराड्याच्या तोंडाशी ठेवलेल्या यंत्राला हे कण कधीच दिसत नाहीत.

चुलीची गोष्ट निराळी. तिथे राख खाली राहते. वर जातं ते अर्धवट जळलेलं इंधन. चूल पेटवताना आणि विझताना जो पांढरट, डोळ्यांना झोंबणारा धूर निघतो तो म्हणजे लाकडातून निघालेल्या तेलकट, डांबरी पदार्थांचे थेंब. ज्वाळेच्या टोकाला हवा कमी पडली की काजळी धरते. ओलं सरपण आणि गोवऱ्या धुमसत जळतात, म्हणून त्यांचा धूर अधिक. हे सगळे कण इतके बारीक, की बहुतेक एक मायक्रॉनच्याही आतले असतात. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून अंदाज करावा. चंद्रपूरच्या दुर्गापूर भागात गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी भुकटी बसते, ही तिथल्या लोकांची जुनी तक्रार आहे आणि ती रास्तच आहे. पण कपड्यांवर बसते ती भुकटी जाड असते, निदान खाली तरी बसते. अडीच मायक्रॉनच्या आतला कण बसत नाही. तो तरंगत राहतो, श्वासाबरोबर फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत पोचतो आणि त्यातले सर्वांत बारीक रक्तातही उतरतात.

माणसाला धुराचा जाच नवा नाही. लंडनच्या कोळशाच्या धुराबद्दल जॉन एव्हलिनने १६६१ साली दुसऱ्या चार्ल्स राजाला उद्देशून एक छोटं पुस्तक लिहिलं, 'फ्युमिफ्युजियम'. १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे होणारा कर्करोग काजळीशी जोडून दाखवला. विशिष्ट कामातल्या पदार्थामुळे कर्करोग होतो हे सांगणारं ते सुरुवातीचं निरीक्षण. पण कायद्याने धुराकडे पाहिलं ते बराच काळ डोळ्यांनीच. पॅरिसच्या मॅक्सिमिलियन रिंगलमनने १८८८ मध्ये करड्या छटांचा एक तक्ता केला. तो दूर धरायचा, धुराड्यातला धूर कोणत्या छटेशी जुळतो ते पाहायचं. गिरणगावाच्या धुराड्यांसाठी मुंबईत १९१२ साली 'बॉम्बे स्मोक न्यूसन्सेस ॲक्ट' आला, तोही याच दृष्टीचा: धूर काळा दिसतो का? काळा दिसला नाही तर तो नाहीच, असं मानलं गेलं. ही समजूत अजून पुरती गेलेली नाही.

अभियंत्यांनी मात्र एक मोठं काम केलं. फ्रेडरिक कॉट्रेल या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये स्थिर विजेने कण पकडण्याच्या यंत्राचं पेटंट मिळवलं. आपल्या वीज केंद्रांत त्याला सगळे ईएसपी म्हणतात. हे यंत्र एकदा तरी जवळून पाहायला हवं. चार-पाच मजली घराएवढ्या पेटीत ओळीने लोखंडी पत्रे टांगलेले असतात, मधे उच्च दाबाच्या तारा. राखेचा कण तारेजवळून जाताना विजेचा भार घेतो आणि पत्र्याला चिकटतो. ठरावीक वेळाने हातोडे पत्र्यांवर ठण्ण करून पडतात आणि राख खालच्या हॉपरमध्ये कोसळते. रात्रपाळीला त्या हातोड्यांचा आवाज दूरपर्यंत ऐकू येतो.

इथे थोडा हिशेब करू. ५०० मेगावॅटचा एक संच तासाला सव्वातीनशे टनांच्या आसपास कोळसा जाळतो. त्यातून वायूबरोबर वर जाणारी राख सुमारे शंभर टन. ईएसपीने ९९ टक्के राख पकडली तर तासाला एक टन बाहेर जाते, ९९.९ टक्के पकडली तर शंभर किलो. कागदावर ९९ आणि ९९.९ यांत फरक दिसत नाही. खालच्या गावांत तो दहापटीचा असतो. त्यात आपल्या कोळशात गंधक कमी. ते एरवी चांगलंच, पण त्यामुळे राख आपल्यावरचा विजेचा भार सहज सोडत नाही आणि ईएसपीचं काम अवघड होतं. मग पत्र्यांचं क्षेत्रफळ वाढवावं लागतं, वायूत अमोनियासारखे पदार्थ सोडावे लागतात, आणि मुख्य म्हणजे देखभाल रोजच्या रोज करावी लागते. ईएसपीतल्या पत्र्यांचा एखादा गट बंद पडला तरी वीज निर्माण होतच राहते. त्याची किंमत मोजते ती हवा.

हवेने माणसं मरतात हे जगाच्या मनावर ठसवलं ते ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांनी. लंडनच्या थंड हवेवर उबदार हवेचं झाकण बसलं आणि घराघरांच्या शेगड्यांतला, कारखान्यांतला, वीज केंद्रांतला धूर खालीच कोंडला. त्या वेळी सुमारे ४,००० मृत्यू मोजले गेले. पुढच्या अभ्यासांनी हा आकडा १२,००० पर्यंत नेला. त्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवा कायदा झाला. त्यातली एक बाब आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. त्या कायद्याने घरच्या शेगडीला हात घातला. धूरमुक्त विभाग आखले गेले, आणि शेगडी बदलायला लोकांना सरकारने पैसे दिले. आपल्या १९८१ च्या हवा कायद्याचा भर कारखान्यांवर राहिला. घरातला धूर बायकांचा, स्वयंपाकघरातला, म्हणजे जणू निसर्गाचाच, असं आपण गृहीत धरलं.

हे गृहीत एका भारतीय बाईनेच हलवलं होतं. दिल्लीत डॉ. एस. पद्मावती यांनी १९५९ मध्ये फुप्फुसाच्या जुन्या आजारातून हृदय थकलेल्या १२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक विड्या ओढणाऱ्या नव्हत्या. पुढे त्यांचं लक्ष चुलीकडे वळलं. १९८१ च्या सुमारास कर्क स्मिथ हा अमेरिकन संशोधक भारतीय सहकाऱ्यांबरोबर गुजरातमधल्या खेड्यांत गेला आणि स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर मोजमापाची यंत्रं बांधली. स्वयंपाकाच्या वेळी श्वासातल्या कणांची सरासरी निघाली घनमीटरला सुमारे ७ मिलिग्रॅम. आज आपल्या देशात धुराड्याच्या तोंडाशी नव्या संचांना ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. या दोन आकड्यांत साधारण चारपटीचंच अंतर आहे, आणि बायका तो धूर तोंडासमोर घेत होत्या, आकाशात दोनशे मीटरवर नाही. स्मिथने पुढे एक ढोबळ नियम मांडला: घरात सुटलेला ग्रॅमभर धूर माणसाच्या छातीत जाण्याची शक्यता बाहेर सुटलेल्या ग्रॅमच्या हजारपट असते. या एका वाक्याने संशोधनाची नवी शाखाच उभी राहिली. त्याआधी बहुतेक जण उत्सर्जन मोजत होते, त्यानंतर श्वास मोजला जाऊ लागला.

दुसरी शाखा शहरांच्या हवेची. १९९३ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी सहा अमेरिकन शहरांतल्या आठ हजारांहून अधिक प्रौढांचा दीर्घ अभ्यास मांडला. सर्वांत मळकट हवेच्या शहरातला मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहराहून २६ टक्के जास्त निघाला, आणि त्याची सांगड बारीक कणांशी बसली. चारच वर्षांत, १९९७ मध्ये, अमेरिकेने पीएम २.५ साठी, म्हणजे अडीच मायक्रॉनच्या आतल्या कणांसाठी, मानक केलं. भारतात ते २००९ मध्ये आलं: वर्षाची सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली शिफारस १० वरून ५ वर आणली. आपलं मानक त्याच्या आठपट सैल आहे, आणि अनेक शहरांना तेही पाळता येत नाही.

तिसरी मंडळी उत्सर्जनाची राष्ट्रीय मोजदाद करणारी. आयआयटी मुंबईच्या चंद्रा वेंकटरामन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात दाखवलं, की भारतातल्या काजळीचा सर्वांत मोठा वाटा घरगुती लाकूड-गोवऱ्यांचा आहे. म्हणजे चुलीचा धूर चुलीपाशी थांबत नाही. कौलांतून बाहेर पडून तो गावाची, जिल्ह्याची, खोऱ्याची हवा होतो. शहरातला माणूस ज्याला औद्योगिक प्रदूषण समजतो त्यात चुलीही असतात, आणि गावातला माणूस ज्याला चुलीचा धूर समजतो त्यात दूरच्या धुराड्याचे गंधकी कण मिसळलेले असतात.

या शाखांत भांडणंही आहेत आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पहिलं, सगळे कण सारखेच घातक का? वजनच मोजावं असं मानकं सांगतात. पण २०२३ मध्ये अमेरिकेतल्या वृद्धांच्या नोंदींवरून झालेल्या मोठ्या अभ्यासात कोळसा केंद्रांमुळे होणाऱ्या बारीक कणांचा मृत्यूशी संबंध सरासरी कणांच्या दुपटीने तीव्र आढळला. दुसरं, मोजायचं कुठे? गरम धूर गाळला तर डांबरी वाफा चकतीतून निसटतात. थंड हवेत मिसळून मग गाळला तर त्याच वाफा थेंब होऊन वजनात येतात. लाकडाच्या शेगड्यांबाबत युरोपातल्या देशांनी वेगवेगळ्या पद्धती स्वीकारल्या आणि एकाच शेगडीचे आकडे दुपटी-तिपटीने वेगळे येऊ लागले. वाचकाने कुठलाही आकडा पाहिला की आधी हा प्रश्न विचारावा. तिसरं भांडण उपायांचं, आणि तेच मला सगळ्यांत जिव्हाळ्याचं वाटतं.

भारतात १९८३ पासून २००२ पर्यंत सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालला. तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. बऱ्याचशा काही वर्षांत भेगाळल्या, धुराडी काजळीने तुंबली, दुरुस्तीला कुणी आलं नाही, आणि बायकांनी त्या मोडून जुनी चूल पुन्हा घातली. आपल्याकडे फलटणला डॉ. आनंद कर्वे यांच्या 'ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट'ने चुलीवर आणि उसाच्या पाचटापासून कोळसा करण्यावर चिकाटीने काम केलं. शेतातला कचरा हेही इंधन आहे आणि ते नीट जाळता येतं, ही दृष्टी त्यांनी दिली. चीनच्या युनान प्रांतातल्या श्वानवेईमध्ये घरातल्या धुरकट कोळशामुळे विडी-सिगारेट न ओढणाऱ्या बायकांना फुप्फुसाचा कर्करोग होत होता. तिथे चुलींना धुराडी बसवल्यावर तो ठळकपणे घटला. पण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात, ज्यात तमिळनाडूतली खेडीही होती, गरोदर बायकांना गॅस देऊनही बाळांच्या जन्मवजनात फरक पडला नाही. स्वच्छ इंधन दिलं की सगळं सुटतं असं म्हणणाऱ्यांना हा निष्कर्ष अवघड जातो. तो प्रामाणिकपणे समजून घ्यायला हवा.

२०१६ साली उज्ज्वला योजना आली. आज दहा कोटींहून अधिक जोडण्या आहेत. गॅस घरात आला, ही लहान गोष्ट नाही. पण योजनेतलं सरासरी घर वर्षाला चार सिलिंडरांच्या आसपासच भरतं. चहा आणि पाहुणे गॅसवर, भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवर. आमच्या पिढीच्या घरांत तांब्याचा बंब होता, आतून नळी गेलेला, सकाळी चार काटक्या टाकल्या की गाणं म्हणू लागायचा. आजही कित्येक घरांत गॅस आहे आणि पाणी मात्र सरपणावर तापतं. तो धूर कुठल्याच आकडेवारीत नीट मोजला जात नाही, पण पहाटे सहा वाजता कुठल्याही गावाच्या वेशीवर उभं राहिलं की तो जमिनीलगत पसरलेला दिसतो.

हे सगळं आत्ताच सांगण्याची निकड आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला आणि त्यात चंद्रपूरसह महाराष्ट्रातली कितीतरी शहरं आहेत, गावं नाहीत. वीज केंद्रांसाठी डिसेंबर २०१५ मध्ये कडक मानकं आली, मुदती एकामागून एक वाढल्या, आणि जुलै २०२५ च्या अधिसूचनेने बहुतेक केंद्रांना गंधक रोखणारी यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी आहे हा त्यामागचा मुख्य युक्तिवाद. मला तो पटत नाही. कोळसा इतका जळतो, की कमी गंधकाचाही एकूण भार मोठा होतो, आणि त्याचे पुढे कणच बनतात. त्याच वर्षी जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावरच्या बेकऱ्या-भट्ट्यांना सहा महिन्यांत दुसऱ्या इंधनाकडे वळायला सांगितलं. पावाची भट्टी चालवणाऱ्याला सहा महिने आणि वीज केंद्राला दहा वर्षांनंतर सूट, ही तुलना वाचकाने स्वतः करावी. भारतात २०१९ या एका वर्षात हवेच्या प्रदूषणामुळे सुमारे १६.७ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज 'लॅन्सेट'च्या नियतकालिकात मांडला गेला आहे. त्यांतले सुमारे ६ लाख घरातल्या धुराचे.

या पुस्तकाचे लेखक वेगवेगळ्या कामांतले आहेत. कुणी बॉयलरवर आयुष्य काढलं, कुणी छातीचे रुग्ण तपासले, कुणी गावोगाव चुली बसवल्या. त्यांची भाषा एक नाही, मतंही एक नाहीत. संपादनात ती एकसारखी करण्याचा मोह टाळला आहे, हे मला आवडलं. अभियंता एका ठिकाणी म्हणतो की यंत्र आहे, फक्त चालवायला हवं. डॉक्टर दुसरीकडे म्हणतात की रुग्णाला त्या यंत्राचा काय उपयोग, तो तर घरच्या धुराने आला आहे. दोघंही खरं बोलतात. वाचकाने दोघांना एकत्र ऐकावं एवढीच या संग्रहाची मागणी आहे. कोळसा उद्या बंद होईल असं कुणी इथे म्हणत नाही. खाणीवर आणि केंद्रावर ज्यांची पोटं आहेत त्यांचाही विचार यात आहे. परिभाषा मुद्दाम साधी ठेवली आहे. 'कण', 'काजळी', 'राख', 'जळण' हे शब्द जिथे पुरतात तिथे दुसरे आणलेले नाहीत, आणि 'ईएसपी', 'हॉपर' हे कामगारांच्या तोंडचे शब्द तसेच राहू दिले आहेत.

मावशींना मी त्या दिवशी "हो" म्हणालो होतो. त्यांनी चकती परत दिली आणि भाकरी उलटली. वाचून झाल्यावर हे पुस्तक कपाटात ठेवू नका. तुमच्या गावच्या आशाताईंना द्या, ग्रामसभेत त्यातलं एखादं पान वाचून दाखवा, केंद्रावर काम करणारा कुणी ओळखीचा असेल तर त्यालाही द्या. मराठीत ते त्यासाठीच लिहिलं आहे.